मीठी म्हणजे गोड

सुमन, तुझ्या शोकसभेत मी भांडले. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळण्याआधी मीच सांगते. तुला कळण्याची आता काही सोय उरलेली नाही हे मला समजतं, पण सवय जात नाही. शाळेत काहीही घडलं की ते मधल्या सुट्टीत तुला सांगायचं, सांगताना थोडं तिखटमीठ लावायचं, अशी इतकी वर्षं गेली. आता मधल्या सुट्टीची घंटा होते आणि तुझ्या खुर्चीवर नव्या आलेल्या बाई आपली पिशवी ठेवतात. त्यांचा काही दोष नाही. तरी मला त्यांचा राग येतो.

भांडण तुझ्यावरूनच झालं. सभा आपल्या सातवीच्या वर्गात होती. बाकं सरकवून सतरंजी घातली होती, टेबलावर तुझा फोटो होता, तोच तुला न आवडणारा, मतदार यादीच्या कामाच्या वेळी काढलेला. हेडसर बोलायला उभे राहिले. तू किती मनमिळाऊ होतीस वगैरे झालं (मनमिळाऊ, आणि तू, असं मनात म्हणून मी गप्प बसले) आणि शेवटी ते म्हणाले, "आपल्या शाळेमागच्या खाडीवर आता स्लॅब पडणार आहे. त्यावर मुलांसाठी मैदान होणार आहे. त्या मैदानाला सुमनबाईंचं नाव द्यावं, असं मला वाटतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला. तुझी लेक अस्मिता पहिल्या रांगेत बसली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

हेडसर मनापासून बोलत होते, हे मला मान्य आहे. चांगल्या मनाने माणसं काय काय करून ठेवतात, ते मी तुला सांगायला हवं असं नाही.

मी उभी राहिले. काय बोलले ते सांगते, पण आधी मला मिठाचं पोतं आठवलं. खरंच सांगते, तुझ्या शोकसभेत उभी राहिले आणि मला मिठाचं पोतं आठवलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे अमळनेरच्या बाजूला सुरतेची माहिती एवढीच, की तिथे लूम आहेत आणि गेलेला माणूस उपाशी मरत नाही. बघायला आलेल्या मंडळींनी सांगितलं, घर मीठी खाडीच्या काठाला आहे. मी डी.एड. झालेली, भूगोलात पहिली. खाडी म्हणजे जिथे समुद्राचं पाणी जमिनीत शिरतं ती जागा, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. त्यात ती मीठी. म्हणजे मीठ. म्हणजे मिठागरंसुद्धा असणार. मी गावभर सांगून टाकलं की माझं सासर समुद्रकाठी आहे. आई म्हणाली, तिकडे मीठ मातीमोल असेल, येताना एक पोतं आण. लग्नानंतर सुरतेच्या नवागामात पाऊल ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या साडीत समुद्र बघायला निघाले. चाळीच्या टोकाला एक काळसर पाणी होतं, दोन ढांगांत ओलांडता येईल एवढं. त्याच्या पलीकडे पुन्हा चाळीच. मी परत येऊन सासूबाईंना विचारलं. त्या हातातला चिमटा खाली ठेवून हसायलाच लागल्या. "आठे समुद्र कथाईन उना व माय?" म्हणाल्या, इथे कुठून आला समुद्र!

मग शाळेत नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात तू मला ते समजावून सांगितलंस. गुजरातीत मीठी म्हणजे गोड. आणि इथे खाडी म्हणतात ती आपल्या पुस्तकातली खाडी नव्हे, तो आपला नाला, ओहोळ. शेतातून निघतो, गावातून जातो, पुढे मोठ्या पाण्याला मिळतो. "बाई, तुमचं सगळंच उलटं झालं," म्हणालीस, "खारं शोधायला आलात आणि गोडाच्या काठी राहिलात." तेव्हा आपण एकमेकींना अहोजाहो करत होतो. पोत्याची गोष्ट ऐकल्यावर ते संपलं. त्यानंतर मी सुट्टीत माहेरी निघाले की तू विचारायचीस, "मंदे, मिठाचं पोतं घेतलंस का?" शेवटच्या दिवाळीतही विचारलंस.

तू इथल्याच उधन्याच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली, इथेच पी.टी.सी., म्हणजे इकडचं डी.एड., केलेली, गुजराती सुरतवाल्यांसारखं बोलणारी. मला वाटायचं, तुला आपल्याकडच्या पाण्याचं काय ठाऊक असणार. पण तुझ्या पर्समध्ये पाण्यातले किडे धरायला चहाची गाळणी असायची.

त्या गाळणीने स्टाफरूममध्ये किती भांडणं लावली. जाधवसरांनी एकदा त्याच गाळणीने सगळ्यांचा चहा गाळला आणि नंतर तू अगदी शांतपणे सांगितलंस की सकाळी तिच्यात चतुराची पिल्लं होती. सर दोन दिवस चहा प्याले नाहीत. तू पोरांना रांगेने शाळेच्या मागे न्यायचीस, वरच्या अंगाला, जिथे पाणकणीस दाट होतं आणि कारखान्यांचं पाणी अजून मिळालेलं नव्हतं. पांढऱ्या थाळीत पाणी घ्यायचं, गाळणी दगडाखालून फिरवायची आणि थाळीत झटकायची. पोरं थाळीभोवती डोकी लावून बसायची. "बाई, हाई काय शे?" "बाई, हालस ना ते!" मग एखादा गुजरातीत, "बेन, आ शुं छे?" तू प्रत्येकाला त्याच्याच भाषेत उत्तर द्यायचीस. हा पाण्यात असतो तोवर डासांच्या अळ्या खातो, मग एक दिवस पाणकणसावर चढतो, पाठ उकलते आणि चतुर होऊन उडतो. त्या काळ्या, गोल गोल फिरणाऱ्या निवळ्या. त्या दिसल्या की पाण्यात अजून जीव आहे असं समजायचं. पावसाळ्यात मासे धारेच्या उलटे चढून या एवढ्याशा पाण्यात अंडी घालायला येतात, कारण मोठ्या नदीत पिल्लांना लपायला जागा नसते. मी मागे उभी राहून पोरांच्या चपला मोजायचे. कुणी बुडालं तर उत्तर मलाच द्यावं लागणार होतं.

तुझं म्हणणं सोपं होतं, आणि तू ते सगळ्यांना सांगायचीस, भाजीवालीलासुद्धा. तापीचं सगळ्यांना कौतुक, पण तापी काय आभाळातून पडते का? अशाच नाल्यांनी ती भरते. नाल्याच्या काठच्या विहिरींना पाणी नाल्यामुळे. पूर येतो तेव्हा पाणी पाणकणसात पसरून थांबतं, म्हणून चाळीत एकदम शिरत नाही. या बारक्या पाण्याला कुणी विचारत नाही, कारण त्याचं नाव कुठल्या नकाशावर नाही.

मी तुला विचारायचे, नाव नकाशावर आलं तर वास जाईल का?

कारण आपण दोघी दोन ठिकाणांहून बघत होतो. तू शाळेच्या वरच्या अंगाला बघायचीस आणि मी खालच्या. माझं घर खालच्या अंगाला. तिथे साड्या रंगवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्याने खाडीला रोजचा रंग असायचा. सकाळी राणी कलर, संध्याकाळी हिरवा. आमच्या चाळीतल्या बायका खाडीकडे बघून सांगायच्या की या सीझनला बाजारात काय चाललंय. उन्हाळ्यात दारं लावून जेवावं लागायचं. चांदीचं पैंजण काळं पडायचं. तिथे बसून पाणकणसाचं कौतुक कोण करणार? चौथीच्या पेपरात तू प्रश्न टाकलास, खाडी म्हणजे काय. आमच्या चाळीतल्या एका पोरीने लिहिलं, "कारखान्याचं पाणी जिथे सोडतात तिला खाडी म्हणतात." तू तिला शून्य दिलंस. मी म्हटलं, पूर्ण मार्क दे, पोरीने बघून लिहिलंय, पुस्तकातून नाही. तू म्हणालीस, तिने जे बघितलंय ते तसंच राहायला हवं असं तिला वाटू लागेल, मार्क दिले तर. चांगला आठवडाभर आपण बोललो नाही. मग तू तिला अर्धा मार्क दिलास आणि मला म्हणालीस, "उरलेला अर्धा तुझ्याकडे." कसला अर्धा, काय म्हणायचं होतं तुला, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तू सहल काढलीस. सगळ्या शाळा बागेत किंवा मंदिरात सहली नेतात. तू नेलीस कामरेजच्या बाजूला, उसाच्या शेतांत, खाडी निघते कुठून ते दाखवायला. पोरं आधी रडकुंडीला आली. मग त्यांना ऊस मिळाला आणि गाडी रुळावर आली. शेताच्या बांधाखाली, कालव्याचं पाणी पाझरून ओलावलेल्या जागेत, दगडांमधून बोटभर पाणी येत होतं. तीच आपली खाडी, हे पोरांना पटेना. मलाही पटत नव्हतं. शेतकऱ्याने लांबूनच सांगितलं, "पीवो ने बेन, पाणी मीठुं छे." तू माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेस, मिठाचं पोतं आठवून. मग खाली बसलीस, हाताने वाळू बाजूला केलीस, गढूळ पाणी वाहून जाऊ दिलंस, निवळेपर्यंत थांबलीस. ओंजळ भरलीस आणि माझ्यापुढे धरलीस.

"चाख," म्हणालीस.

मी म्हटलं, "नको गं."

तू ओंजळ तशीच धरून राहिलीस, थोडा वेळ. बोटांतून पाणी गळत होतं. मग तू ते स्वतः प्यायलीस आणि पोरांकडे वळलीस. तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. मला वाटलं, थकली असेल. घरी जाताना बसमध्ये तू खिडकीपाशी बसलीस आणि मी तुझ्या शेजारी. तू माझ्या डब्यातली उरलेली भाकरी खाल्लीस. म्हणजे सगळं नेहमीसारखंच होतं.

मग प्लेगचं साल आलं. अर्धं शहर गाड्यांना लटकून पळालं. तू गेली नाहीस आणि मीही गेले नाही. शाळा बंद होती, तरी तू एका दुपारी घरी आलीस. तोंडाला रुमाल बांधलेला. आपण दोघी माझ्या दारात, मध्ये अंतर ठेवून बसलो. तेव्हा तू पहिल्यांदा तुझ्या आईच्या गावाचं सांगितलंस. गावात विहीर होती, पण तुमच्या वस्तीसाठी नव्हती. वर उभं राहून कुणी वाढलं तर पाणी मिळायचं. तुझी आई त्या विहिरीवर जायचीच नाही. ती नाल्यात जायची. वाळूत हाताने खड्डा करायचा, झिरा. पहिलं पाणी उपसून टाकायचं, निवळेपर्यंत थांबायचं, मग वाटीने घागर भरायची. "नाला कुणाचा नव्हता," म्हणालीस, "म्हणून तो आमचा होता." पुढे तुझे वडील रेल्वेत लागले, तुम्ही उधन्याला आलात. पहिल्या दिवशी तुझ्या आईने गुजराती शेजारणीला पाणी कुठे मिळेल विचारलं, आणि तिच्या बोलण्यातला "नाला" एवढाच शब्द आईला कळला. ती घागर घेऊन गेली आणि गटारापाशी उभी राहिली. आयुष्यभर ज्या शब्दाने तिला पाणी दिलं, तो शब्द इथे घाणीचा झाला होता. ती घागर रिकामी घेऊन परत आली, असं तू सांगितलंस. तुझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. मी मात्र तुझ्या हातांकडे बघत होते, कारण मला त्या क्षणी बांधाखालची ओंजळ आठवली. तू निवळेपर्यंत थांबली होतीस.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण समोरून पावडर मारणारी माणसं आली, तू उठलीस, रुमाल वर ओढलास आणि गेलीस. नंतर असं वाटत राहिलं की एवढ्या जुन्या गोष्टीला आता कशाला हात लावायचा. तू विसरली असशील. तू विसरणारी नव्हतीस, हे मला माहीत असूनही मी असं म्हणत राहिले.

प्लेगनंतर शहराने कात टाकली, हे तू सुद्धा मान्य केलंस. रस्ते झाडले जाऊ लागले, कचरा उचलला जाऊ लागला, आमच्या चाळीपुढे फरशी आली. आणि मग शाळेमागच्या खाडीवर स्लॅब टाकायची गोष्ट निघाली. हेडसरांनी अर्ज लिहिला, सगळ्या शिक्षकांच्या सह्या घ्यायच्या ठरल्या. मी पहिली सही केली. आपल्या पोरांना खेळायला जागा नाही, सुमन. ती रस्त्यावर खेळतात आणि टेम्पोखाली येता येता वाचतात. डास आहेत, वास आहे. उघडी खाडी बघायला बाहेरून येणाऱ्यांना छान वाटत असेल, तिथे राहणाऱ्याला झाकण हवं असतं. हे मी तुला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं आणि आजही सांगते.

तू पेन हातातही घेतलं नाहीस. म्हणालीस, "खालचं पाणी घाण झालं म्हणून तुम्ही वरचं झाकताय. ज्याने घाण केली त्याला कुणी काही म्हणत नाही. एकदा झाकलं की कुणी म्हणणारही नाही." मग म्हणालीस, "अंधारात पाणकणीस उगवत नाही. निवळ्या राहत नाहीत. मासे वर चढत नाहीत. राहतात फक्त डास, ते फटीतून आत जातात." मी म्हटलं, "पोरांना खेळायला निवळ्या पुरत नाहीत." तू म्हणालीस, "तुला तर समुद्र हवा होता." सगळे हसले. मला लागलं ते. हसण्याचं नाही, तू ते आपलं दोघींचं बोलणं सगळ्यांसमोर काढलंस त्याचं. दुसऱ्या दिवशी तू माझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा आणलास. वाद मात्र तू मागे घेतला नाहीस. अर्जावर तुझ्या नावापुढची जागा कोरी राहिली आणि अर्ज तसाच पुढे गेला.

मग तुला कावीळ झाली. आधी आपण दोघींनीही ती हसण्यावारी नेली. दवाखान्यात तुझे डोळे पिवळे झालेले पाहिले तेव्हा मी स्टूल ओढून तुझ्या उशाशी बसले. तू म्हणालीस, "बघ, हळद लागलीय पुन्हा. आज खाडीचा रंग कोणता?" मी त्या दिवशी खाडीकडे पाहिलंच नव्हतं. तरी म्हटलं, "मोरपंखी." तू म्हणालीस, "मग लग्नसराई जवळ आली." मी चमच्याने तुला ग्लुकोजचं पाणी पाजलं. तू हळूहळू घेतलंस, प्रत्येक चमच्याला माझ्याकडे बघत. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, ते बांधावरचं. एवढ्यात तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपू दे, उद्या सांगू. ते उद्या आलंच नाही.

तुझ्या घरी पुण्यानुमोदनाला गेले. मेणबत्त्या, फुलं, त्रिशरण. तुझे मिस्टर भिंतीला टेकून बसले होते, आणि अस्मिता सगळ्यांना पाणी देत होती. माझ्या शेजारी बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "खाडीत हात घालायच्या ना त्या. तेच बाधलं असेल." मी तिला म्हटलं, "ती रोज साबणाने हात धुवायची. नळाचं पाणी मात्र तुमच्याआमच्यासारखंच प्यायची." ती बाई उठून दुसरीकडे बसली. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की पाण्यातून झालं. कुठल्या पाण्यातून, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पण तुझं जाणं मी खाडीच्या नावावर घालू देणार नव्हते.

तर मग शोकसभा. मी उभी राहिले. मी वर्गात ओरडते तसाच माझा आवाज आला. म्हटलं, "सर, त्या अर्जावर सुमनबाईंची सही नाही. जिथे तिने सही केली नाही तिथे तिचं नाव लावता येणार नाही." हेडसर गोंधळले. म्हणाले, "अहो बाई, पण मैदानासाठी तर तुम्हीच मागे लागला होता. आता मैदान नको म्हणता?" मी म्हटलं, "मैदान हवं. माझी सही आहे तिथेच आहे. नाव नको. हवं तर माझं लावा, मी जिवंत आहे, बदनामी झाली तरी चालेल." कुणी हसलं नाही. मग मी बोलायला नको ते बोलले. म्हटलं, ज्या पाण्यावर झाकण घालायला ती नाही म्हणाली, त्याच झाकणावर तिचं नाव कोरणार असाल, तर तिचा फोटो तेवढा इथून काढा, तिला हे बघायला लावू नका. त्यानंतर मला खाली बसवलं. कुणी बसवलं ते आठवत नाही.

नंतर हेडसरांनी मला बोलावलं. रागावले नव्हते. नावाचं राहू द्या म्हणाले. मग पेपरवेट फिरवत म्हणाले, वरच्या अंगाचा पाणकणसाचा तुकडा सोडून बाकीच्यावर स्लॅब टाकता येईल का, पालिकेच्या साहेबांना विचारून बघतो. विचारतील की नाही, ठाऊक नाही. विचारलं तरी साहेब काय म्हणतील, ठाऊक नाही. तू जिंकलीस असं समजू नकोस. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. फक्त ते ऐकवायला आता समोर कुणी नाही, आणि समोर कुणी नसताना वाद जिंकला तरी तो जिंकल्यासारखा वाटत नाही, हे मला या वयात कळलं.

परवा रविवारी मी अस्मिताला घेऊन कामरेजकडे गेले. तिनेच म्हटलं होतं, मावशी, मम्मीची ती जागा बताव ने. ही आजकालची पोरं, मराठी बोलता बोलता कधी गुजरातीत जातात त्यांचं त्यांना कळत नाही. तिच्या पर्समध्ये तुझी गाळणी होती. ऊस तोडून झाला होता, त्यामुळे जागा सापडायला वेळ लागला. बांध आणखी खचला होता, पण दगडांमधून पाणी येत होतं, बोटभरच. खाली एका खोलगट जागी ते जरा थांबलं होतं आणि तिथे निवळ्या गोल गोल फिरत होत्या. अस्मिताने गाळणी काढली, मग पुन्हा आत ठेवली.

मी तिला विचारलं, मम्मी कधी त्या सहलीबद्दल काही बोलली होती का. इथल्या पाण्याबद्दल. माझ्याबद्दल. ती म्हणाली, "नाही, मावशी. काय झालं होतं?"

मी म्हटलं, काही नाही.

मग ती खाली बसली. तुझ्यासारखीच, एक गुडघा टेकून. हाताने वाळू बाजूला केली, गढूळ पाणी वाहून जाऊ दिलं, निवळेपर्यंत थांबली. तिला हे कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. तिने ओंजळ भरली आणि आधी माझ्यापुढे धरली, मोठ्यांना आधी द्यायचं म्हणून. बोटांतून पाणी गळत होतं. मी तिचे हात माझ्या हातांत धरले आणि वाकून प्यायले. थोडं पदरावर सांडलं.

गोड आहे, सुमन. त्या दिवशी मी नको म्हटलं ते पाण्याला. तुला नव्हे गं.